आपला म्हणजे कुणाचा

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा (कोर्टाच्या कागदात प्रतिवादीचा) साष्टांग नमस्कार. नमस्कार पोचला असं समज. प्रत्यक्ष घातला तर गुडघे टेकतील, पण मला परत उठवायला तुलाच बोलवावं लागेल, आणि तुझ्या वकिलांनी आपल्याला बोलायची मनाई केली आहे. (माझ्यांनीही केली आहे. लिहू नका असं मात्र दोघांनाही सुचलं नाही. वकिलांचं सगळं लक्ष माणसाच्या तोंडाकडे असतं.) इथे खाली सर्व क्षेम आहे. वरची खुशाली छतातून कळत असते. तुझा खोकला उतरला, उजवा पाय अजून जरा ओढतेस, आणि परवा दुपारी काहीतरी जड पडलं ती बहुधा इस्त्री असावी. पायावर नाही ना पडली? लगेच तू कुणावर तरी ओरडलीस म्हणून मी निर्धास्त झाले. वर तुझ्याशिवाय फक्त मांजर असतं आणि ते त्या वेळी माझ्या पियानोवर झोपलेलं होतं, तेव्हा तू इस्त्रीलाच बोललीस असं धरून चालते.

अक्षर मोठं आलंय आणि ओळी उताराला लागल्यात, त्याचं कारण शेवटी सांगेन. हसू नकोस.

मध्यस्थी फसली हे तुला मी कळवायला नको. फसली तेव्हा तू माझ्यासमोरच बसली होतीस. पण तुला त्यातलं निम्मंच ठाऊक आहे, कारण निम्मा वेळ तू एका खोलीत होतीस आणि मी दुसऱ्या. घरासारखीच मध्यस्थीही आपण वाटून घेतली. आपापल्या खोलीत जे बोलाल ते दुसरीला सांगायचं नाही असं मध्यस्थबाईंनी बजावलं होतं, आणि तुला माहीत आहे, मी बजावलेलं पाळणारी आहे. पण काल माझ्या वकिलांनी समजावून सांगितलं की मध्यस्थी फसली की तिथे बोललेलं सगळं न बोलल्यासारखं धरतात. बाई कोर्टाला एका ओळीत कळवतात की तडजोड झाली नाही. का झाली नाही, कोण रडलं, कोण काय म्हणालं, यातला एक शब्द न्यायाधीशांना सांगायचा नसतो. मी त्यांना विचारलं, जे बोललेच नाही ते तुला सांगितलं तर वचन मोडेल कसं? त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि बघून सांगतो म्हणाले. तर ते बघून सांगेपर्यंत मी लिहून टाकते.

पहिल्यांदा त्या खोलीबद्दल. गोल टेबल, कारण गोल टेबलाला समोरासमोर बाजू नसते म्हणे. (आपण दोघींनी ती क्षणात शोधून काढली.) मध्ये पाण्याचा जग आणि कागदी रुमालांचा डबा, म्हणजे आपण रडणार हे त्यांनी आधीच धरलेलं. तू त्यातला पहिला रुमाल काढलास आणि टेबल पुसलंस, तेव्हा मध्यस्थबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मुलगी गोड आहे. दाताच्या डॉक्टरसारखा हळू आवाज, दुखणार नाही असं सांगणारा. इथे कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, असं ती म्हणाली आणि तू म्हणालीस, मग आलोय कशाला? आणि मग तिने तो नियम घातला, ज्याने पुढे सगळा घात झाला. इथे तू-तुझं नको, एकमेकींचा मान राखून 'आपण' म्हणा. ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी तुला 'आपण पाणी घेणार का' असं विचारलं आणि तू मागे वळून बघितलंस, कोण आलं म्हणून.

मग वेगवेगळ्या खोल्या. बाईंनी मला विचारलं, भांडण काय आहे ते तुमच्या शब्दांत सांगा. मी सांगितलं ते असं. बाबांनी वरचा मजला ताईला दिला, खालचा मला, आणि जिन्याबद्दल काही बोललेच नाहीत. जिनाही वाटायचा असतो हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात आलं नसणार. तो माझ्या बैठकीच्या खोलीत सुरू होतो आणि तिच्या स्वयंपाकघरापाशी संपतो. भावोजी होते तोवर दोघं मागच्या लोखंडी चक्री जिन्याने ये-जा करायची. त्यांना तो आवडायचा, जहाजावर असल्यासारखं वाटतं म्हणायचे. (जहाजावर ते कधी गेले नव्हते.) भावोजी गेले, ताईचे गुडघेही त्यांच्या मागोमाग गेले, आणि ती घरातल्या जिन्याने खाली यायला लागली. यावं की. पण ती दार वाजवत नाही. ती एकदम खोलीत असते. मी दातांची कवळी काढून ठेवलेली असते, किंवा पियानोवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा चुकत असते, आणि मान वळवते तर ताई. पातेल्यावरचं झाकण उचलते, हे काय केलंयस म्हणते, आणि भिंतीवरच्या तसबिरी सरळ करते. (त्या सरळच असतात, ताई. भिंत वाकडी आहे.) मी फक्त एवढंच म्हटलं होतं की खाली येताना दारावर टकटक करत जा. त्यावर ती म्हणाली, मी जन्मले त्या घरात दार वाजवू? मी काय मीटर वाचायला येते? म्हणून मी जिन्याच्या दाराला कडी बसवून घेतली. तुला अडवायला नव्हे. कडी असली की माणूस आपसूक वाजवतं, असा माझा हिशोब. तू वाजवलं नाहीस. तू नोटीस पाठवलीस.

बाई म्हणाल्या, म्हणजे वाद टकटकीचा आहे. मी म्हटलं, वाद वळणाचा आहे. आपण दोघी कॉन्व्हेंटात एकाच सिस्टरच्या हाताखालून गेलो. त्यांच्या दारावर वाजवून 'मे आय कम इन' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकलं तर त्या पुन्हा बाहेर पाठवायच्या, आणि दुसऱ्यांदा बाहेर पाठवलं की सगळा वर्ग बघायचा. माझ्यावर तो संस्कार झाला. तुझ्यावर व्हायचं कारणच नव्हतं. तू मॉनिटर होतीस, तुला कायम आतच बोलावलेलं असायचं.

मग त्यांनी विचारलं, हा जिना तुमच्यासाठी काय आहे? असे प्रश्न त्यांना शिकवतात. माझे वकील तेव्हा पेंगत होते, म्हणून मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, तिथे माझ्या वेण्या घातल्या जायच्या. शाळेची वेळ झाली की ताई वरच्या पायरीवर बसायची, मी खालच्या, तिच्या गुडघ्यांत डोकं धरलेलं. (तेच हे गुडघे.) इतक्या घट्ट घालायची की माझ्या भुवया वर चढायच्या आणि मी दिवसभर आश्चर्यचकित दिसायची. गणिताच्या बाईंना वाटायचं, हिला सगळं नवीनच आहे. रिबिनीचं फूल मात्र तुझ्यासारखं कुणाला जमलं नाही, घरी येईपर्यंत सुटायचं नाही. हे सांगताना मला पहिला रुमाल लागला. माझे वकील जागे झाले आणि याचा दाव्याशी संबंध नाही असं म्हणून परत मिटले.

आता एक गोष्ट जी तुला बहुतेक ठाऊक नाही. चहाच्या सुट्टीनंतर मी चुकीच्या खोलीत गेले. (त्या बोळातले दिवे फारच मंद होते. त्याआधी मी कोटाच्या खुंटाळ्याला मध्यस्थबाई समजून दोन वाक्यं बोलले होते, आणि तो छान ऐकून घेत होता.) आत काळा कोट घातलेले टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. माझ्याही वकिलांना टक्कल आहे, त्यांचाही कोट काळा आहे. मी बसले आणि जे बाईंनाही सांगितलं नव्हतं ते भडाभडा सांगून टाकलं. की दिवेलागणीला ताई जिना उतरून दारापर्यंत येते. एक पायरी करकरते, म्हणून कळतं. ती पलीकडे उभी राहते, मी अलीकडे. ती वाजवत नाही, मी उघडत नाही. मग ती वर जाते आणि मी पियानोशी येऊन बसते आणि वाजवत काही नाही. की मला भिंत नको आहे वकीलसाहेब, तुम्ही कागदात भिंत मागितली आहे, पण भिंत झाली तर मला ती पायरी ऐकू येणार नाही. एवढं बोलून झालं आणि त्या गृहस्थांनी बोटं मोडली. कडाकड. तेव्हा कळलं, हे तुझे. माझे वकील बोटं मोडत नाहीत, त्यांना तेवढी जाग नसते. तुझे वकील सज्जन निघाले. उठून माझ्यासाठी दार धरलं आणि माझी खोली कुठली ते दाखवलं. त्यांनी तुला हे सांगितलं का? सांगितलं नसेल तर त्यांना बदलू नकोस. सांगितलं असेल तर मला कळव, कारण मग तुला सगळं ठाऊक असून तू दिवसभर मला 'आपण' म्हणत होतीस.

पुढचं तुझ्यादेखत झालं, पण माझ्या बाजूने कसं झालं ते ऐक. आपल्याला पुन्हा एकत्र बसवलं. बाईंचा चेहरा फुलला होता, आता जमतंय असं त्यांना दिसत होतं. तू म्हणालीस, आपण कडी काढणार असाल तर मी विचार करीन. मी म्हटलं, आपण वाजवणार असाल तर मीही करीन. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, शाळेत उत्तर द्यायला उभं राहतात तशी मी उभी राहिले आणि म्हणाले, "ताई, जिना आपलाच आहे."

तुझी हनुवटी हलली ती मला दिसली. (बाकी फार काही दिसलं नाही, पण ती दिसली.) वकिलांनी हात मिळवले. बाईंनी घंटा दाबून चहा मागवला, बिस्किटांसकट. तू हात लांब करून माझ्या खांद्यावरचा धागा काढलास, आणि मला वाटलं, झालं, मिटलं.

मग तुझ्या वकिलांनी बोटं मोडून मजकूर सांगायला सुरुवात केली. सदर जिना वादीच्या मालकीचा असल्याचे प्रतिवादीस मान्य आहे. त्या वाक्याने माझे वकील दिवसात पहिल्यांदा पुरते जागे झाले. मी म्हटलं, असं कुठे म्हटलं मी? मी 'आपला' म्हटलं. तुझे वकील म्हणाले, तेच की, सकाळपासून तुम्ही त्यांना 'आपण'च म्हणताय, आपली पर्स पडली, आपला चष्मा राहिला. पर्स त्यांची, चष्मा त्यांचा, मग जिना कुणाचा? ताई, बिनतोड होतं ते. मी तुझ्याकडे वळले आणि तू म्हणालीस, "मलाही माझाच वाटला. वाटलं, एकदा तरी तू मला आपणहून काहीतरी दिलंस."

मी म्हणाले, "दिलं नव्हतं, ताई. त्यात तुला धरलं होतं."

यानंतर आपण चौघांनी आणि त्या बिचाऱ्या मुलीने एका शब्दापायी जे केलं ते सिस्टरनी बघितलं असतं तर सगळ्यांना बाहेर उभं केलं असतं. बाई म्हणाल्या, 'सामाईक' लिहू. तू म्हणालीस, सामाईक नळ असतो, सामाईक संडास असतो, आमचा जिना घरातला आहे. माझे वकील म्हणाले, 'आमचा' म्हणजे कुणाचा, हे आधी नमूद व्हावं. 'उभयतांचा' सुचवलं तर तूच म्हणालीस की आमचं लग्न लागलेलं नाही. मी म्हटलं, इंग्रजीत लिहा, 'अवर' या एका शब्दात सगळी मावतात. त्यावर तू म्हणालीस, शाळेत 'अवर' म्हणून जे जे होतं ते सगळं तू वापरायचीस आणि सांभाळायची मी. (डबा, छत्री, रंगपेटी. खरं आहे.) तेवढ्यात भांडण घरंगळत पुन्हा टकटकीवर आलं, मी म्हटलं वाजवायला काय होतं तुला, आणि तू पाण्याच्या जगाकडे बघत, 'आपण'बिपण सोडून म्हणालीस, "मला दार उघडं नको असतं गं. 'कोण आहे' असं न विचारता 'आलीस?' म्हणणारं माणूस हवं असतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग तुझ्या वकिलांनी घसा साफ केला आणि म्हणाले, असं कलम घालता येणार नाही. आणि तिथे मध्यस्थी संपली.

वकिलांनी आपल्याला दोन वेगळ्या टॅक्सींत बसवलं, म्हणजे वाटेत बोलणं नको. त्या एकीमागे एक आल्या आणि एकाच फाटकापाशी थांबल्या. तुझा टॅक्सीवाला माझ्या टॅक्सीवाल्याला म्हणाला, यांना एकत्र का नाही आणलं रे? एवढं शहाणं वाक्य त्या दिवसात कुणी बोललं नव्हतं. तू मागच्या चक्री जिन्याकडे वळलीस. मी खिडकीशी उभी होते. तू मध्येच थांबलीस, बराच वेळ थांबलीस, आणि मला तिथे यावंसं वाटलं. पण दावा चालू आहे, म्हणून मी खिडकीशीच राहिले.

आता फाइल परत कोर्टात गेली, आणि तिथे आपण कधी काही बोललोच नाही. माझे वकील म्हणतात, तुला बाहेरचा जिना आहे, तेव्हा आतला बंद करून भिंत घाला असा हुकूम होईल. तुझे म्हणत असतील, चोवीस तास उघडायची किल्ली तुझ्या हाती देतील. न्यायाधीशांपाशी दोनच वस्तू आहेत गं, भिंत आणि किल्ली. टकटक त्यांच्याकडे नाही, आणि 'आलीस?' तर नाहीच.

तुझी औषधं वेळेवर घे. हे पत्र तू पावासाठी वरून दोरीने सोडलेल्या टोपलीत, पावाखाली ठेवते आहे. (टोपली हळू ओढ. परवा अंडी फुटली त्याला मी जबाबदार नाही, तसं माझ्या जबाबात लिहून घेतलंय.) लोभ आहेच. तो दाव्यात कुणी मागितलेला नाही, तेव्हा निकाल काहीही लागला तरी दोन्ही मजल्यांवर तसाच राहील.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझ्या वकिलांना सांग, पुढच्या तारखेला माझ्याकडून मुदत मागितली जाईल, तेव्हा हरकत घेऊ नका. ही तडजोड नव्हे. दावा मी शेवटपर्यंत लढणार आहे, फक्त त्या दिवशी मी दवाखान्यात असेन.

ता. क. दुसरा. घाबरू नकोस. मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, पण आधी एकाचं ऑपरेशन. अक्षराचं, खुंटाळ्याचं आणि तुझ्या वकिलांचं कारण तेच. बोळातले दिवे ठीक होते. न्यायाधीशांच्या दृष्टीने तू ते 'आलीस?' म्हणालीच नाहीस, पण मोतीबिंदू माझ्या डोळ्यांत आहे, कानांत नाही.

ता. क. तिसरा. दवाखान्यातल्या नर्सने फोनवर विचारलं, ऑपरेशनच्या दिवशी आपलं माणूस कोण असेल? घरी आणायला, थेंब घालायला, रात्री जवळ राहायला कुणीतरी लागतं म्हणे. मी तुझं नाव सांगितलं. तिने नीट लिहून घेतलं. आपलं म्हणजे कुणाचं, असं तिने विचारलं नाही.

ता. क. शेवटचा. मांजर माझ्याकडे कसं येतं हे तुझ्या वकिलांनी मला दोनदा विचारलं आणि मी गप्प बसले, कारण माझ्या वकिलांच्या मते सांगितलं असतं तर दावाच उरला नसता. कडी नोटिशीनंतरच्या आठवड्यातच निखळून पडली. मी ती परत बसवली नाही. दार लावलेलं नाही, ताई, नुसतं लोटलेलं आहे. मांजर डोक्याने ढकलतं आणि येतं. तू रोज त्याच दाराशी उभी राहून परत जातेस. ये. वाजवायलाच हवं असं नाही, आणि वाजवलंस तरी मी 'कोण आहे' विचारणार नाही. तसबिरींना मात्र इतक्यात हात लावू नकोस. डोळा उघडल्यावर मी स्वतः बघेन, आणि वाकड्या निघाल्या तर तेवढ्यापुरती हार मानेन.